बोलण्यापुरता उजेड

मित्रांनो, मी एक जुना बल्ब आहे. बल्ब म्हटल्यावर तुम्ही लगेच घराच्या छताकडे पाहाल, पण मी तिथला नाही. मी मोटारीच्या छतातला. करंगळीएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या आणि आत केसासारखी बारीक तार, एवढाच माझा संसार. गाडीचे दार उघडले की पेटायचे आणि मिटले की विझायचे, असे आयुष्य काढणारे माझे भाऊबंद लाखोंनी आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुम्हाला आपली कहाणी सांगायला आला नसेल, आणि खरे म्हणजे त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसतेही. माझ्याकडे आहे. मी ज्या गाडीत बावीस वर्षे काढली, तिच्यात दिवस मावळल्यावर माझ्यावाचून कोणाचे पान हलत नसे.

बढाई वाटली ना? वाटू द्या. पुढे माझी चांगली जिरली, तेही मी लपवणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत आम्ही एका बाईंपुढे येत असू. त्या एकेकाला दोन खिळ्यांमध्ये धरत, वीज सोडत आणि एका नजरेत पारख करत. पेटला तर उजव्या खोक्यात, नाही पेटला तर डाव्या. मी पेटलो. बाईंनी माझ्याकडे धड पाहिलेसुद्धा नाही. त्या शेजारणीला गुडघेदुखीवरचा उपाय सांगण्यात गुंतल्या होत्या. आयुष्यातली पहिली परीक्षा मी अशी पास झालो आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

पुढे दुसऱ्या एका कारखान्यात मला एका छोट्या निळ्या गाडीच्या छतात बसवले. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, वर एक चौकोनी खाच होती. तिच्यातल्या दोन पितळी पट्ट्यांनी मला चिमटीत धरले आणि वरून दुधी प्लास्टिकचे झाकण लागले. शेजारी एक बटण होते. ते एका बाजूला सारले की मी कायम चालू, दुसऱ्या बाजूला सारले की कायम बंद, आणि मधे ठेवले की दाराच्या तंत्राने वागायचे.

गाडी घेतली ती वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. हे आमचे मालक. दुकानोदुकानी जाऊन ते काटे तपासत, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. डिकीत त्यांची वजनांची पेटी असे आणि वळण आले की ती खडखडून आपण असल्याचे सांगे. मालकीणबाई पडदे शिवत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, घरी येऊन शिवायचे आणि परत जाऊन टांगून द्यायचे, असे त्यांचे काम. दोघांची गिऱ्हाइके एकाच रस्त्यावर पसरलेली होती, त्यामुळे फिरतीही बरोबरच होई.

मालकीणबाईंना ऐकू येत नव्हते. सहा वर्षांच्या असताना मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलणे मात्र राहिले. आवाज थोडा सपाट, थोडा चढा, पण शब्द स्वच्छ. दुसऱ्याचे बोलणे त्या त्याच्या ओठांवरून वाचत, आणि इतके सफाईने की नवख्या माणसाला अर्धा तास पत्ता लागू नये. अट एकच होती, समोरच्याचे तोंड दिसले पाहिजे. मालकांनी तर लग्न झाल्या आठवड्यातच आपली मिशी अशी कातरून घेतली होती, की तिचा एक केस वरच्या ओठाला शिवू नये.

गाडी घेतली त्या पहिल्याच संध्याकाळी दोघे काम आटोपून परत निघाले होते. दोन वर्षांची लेक मागे झोपली होती. अंधार पडत आला होता. मालक काहीतरी पुटपुटले आणि एकटेच हसले.

"अहो, काय म्हणालात? माझ्याकडे बघून बोला."

"रस्त्याकडे बघू का तुझ्याकडे?" मालक म्हणाले, पण तेही रस्त्याकडे बघूनच. अर्थात बाईंना हेही कळले नाही.

त्यांनी बाही ओढली. मालकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि हात वर करून माझे बटण सारले. मग पुरते वळून त्यांनी बायकोपुढे तोंड धरले.

"आता दिसतंय?"

"दिसतंय. बोला."

"अगं, तो कोपऱ्यावरचा दुकानदार. परवा त्याचा काटा बरोबर करून दिला ना, तर आज माझ्यावरच रागावला. म्हणतो, तुम्ही हात लावल्यापासून माझा माल भराभर संपतोय!"

बाई इतक्या हसल्या की मागे लेक जागी झाली. मी त्या हसण्याकडे वरून पाहत होतो. कारखान्यातल्या बाईंनी पाहिले नाही त्याचे दुःख त्या क्षणी विसरलो.

तेव्हापासून आमच्या गाडीची रीतच पडली. बोलायचे असेल तर थांबायचे, मला लावायचे, बोलून घ्यायचे, मला विझवायचे आणि पुढे निघायचे. अर्ध्या तासाच्या वाटेला त्यांना दीड तास लागे. कधी मालक एका वाक्यासाठी थांबत, कधी बाई पुन्हा निघाल्या निघाल्या गुडघ्यावर थाप मारून म्हणत, "थांबा थांबा, एक राहिलंच." घरी गेल्यावर स्वयंपाक, कापडे, गिऱ्हाइके, लेकीचा अभ्यास. खरे बोलणे गाडीतच होई. लेकीला कोणत्या शाळेत घालायचे, बाईंच्या आजारी आईला कोणी आणायचे, घराला रंग कोणता द्यायचा, सगळे निकाल माझ्या उजेडात लागले.

भांडणेही झाली. एकदा बाईंना राग आला आणि मालकांचे वाक्य अर्धे असतानाच त्यांनी हात वर करून मला बंद केले. मालक बिचारे अंधारात बोलतच राहिले. पाच मिनिटांनी मला लावून बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. आजपासून नियम. भांडताना दिवा कोणी बंद करायचा नाही." हा नियम दोघांनी पाळला. मला त्यामुळे कधी कधी फार वेळ तापत बसावे लागे, पण तक्रार नव्हती.

लेक मोठी होऊ लागली तशी दोन सीटांमधून डोके पुढे घालून माझ्या बरोबर खाली येऊन बोलू लागली. आईशी बोलताना उजेडात यायचे असते, हे तिला पाटी-पेन्सिलीच्या आधी समजले. एकदा तिने मैत्रिणीला विचारले होते, "तुमची गाडी बोलायला कुठे थांबते गं?" मैत्रिणीला प्रश्नच कळला नाही, आणि मैत्रिणीला का कळला नाही हे हिला कळले नाही.

मला त्या घरात मान होता. मालक गाडी दुरुस्तीला टाकत तेव्हा मिस्त्रीला बजावत, "बाकी काय ते सावकाश कर. आतला दिवा मात्र आज लागला पाहिजे." मिस्त्री मनातल्या मनात हसत असेल. मी मात्र छतात फुगून बसत असे.

पण मित्रांनो, काळ कोणासाठी थांबत नाही. बावीस वर्षांत माझ्या काचेला आतून काजळी धरली. माझ्याच उष्णतेने दुधी झाकण आधी पिवळे आणि मग चहाच्या रंगाचे झाले. उजेड इतका मंद पडला की मालकांना तोंड आणखी पुढे आणावे लागे. गाडीची बॅटरीही थकली होती, आणि इंजिन बंद ठेवून मला लावले की मी तिच्याकडून भरपूर वीज खात असे. लेक आता दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. एकदा सुट्टीला आली आणि तिच्याकडून मागचे दार नीट लागले नाही. मी इमानेइतबारे रात्रभर जळत राहिलो. सकाळी बॅटरीत जीव नव्हता. वडील आणि लेक गाडी ढकलत होते आणि बाई स्टिअरिंग धरून दोघांना हसत होत्या.

"बाबा, हा बल्ब आता काढायचा," लेक धापा टाकत म्हणाली. "एलईडी लावू. वीज कमी खातो आणि उजेड कितीतरी जास्त. आईला तुमचं तोंड लख्ख दिसेल."

तिचे बोलणे चुकीचे नव्हते. तरी माझ्या पोटात दुखले.

पुढच्या सुट्टीला ती एक छोटी पुडी घेऊन आली. तिच्यातून निघाला माझा वारस. ना काच, ना तार. एक चपटी पट्टी आणि तिच्या एकाच अंगाला मोहरीएवढे पिवळे ठिपके. हा काय उजेड पाडणार, असे मला वाटले. लेकीने माझे झाकण पट्टीने उचकटले, तशी त्याची चौकट तेवढी हातात आली आणि मधल्या भागाचे चार तुकडे झाले.

"राहू दे," ती म्हणाली. "झाकण नसलेलंच बरं. उजेड अडायला नको."

मला बाहेर काढून तिने त्याला बसवले आणि बटण सारले. काही नाही. पुन्हा सारले. ढिम्म! मी मनात टाळ्या पिटल्या. तेवढ्यात तिने पुडीवरचे बारीक अक्षर वाचले आणि त्याला काढून उलटा बसवला. ही एलईडी मंडळी म्हणे एकाच दिशेने वीज घेतात. मला कसाही बसवा, मी लागायचो. पण हा सुलटा बसला आणि असा पेटला की भर दुपारी तिघांनी डोळे मिटले.

"आई, कसा आहे?"

"छान आहे हो. फारच छान."

लेक मला फेकायला निघाली होती. मालकांनी हात धरला. "टाकू नकोस. अजून लागतोय तो." त्यांनी मला आणि झाकणाच्या रिकाम्या चौकटीला गिअरच्या दांड्याजवळच्या खोलगट खाचेत ठेवले. तिथे एक पेन्सिलीचा तुकडा, एक स्क्रू आणि दोन जुन्या गोळ्यांचे कागद राहत होते. बावीस वर्षे वरून पाहिलेली माणसे मी आता खालून पाहू लागलो.

लेक परत गेली. दुसऱ्या संध्याकाळी मालकांनी नेहमीसारखी गाडी कडेला घेतली आणि दिवा लावला. उजेड धो धो पडला, पण पडला कुठे? थेट खाली. मालकांची मांडी, गिअरचा दांडा, खाचेतला मी, सगळे झगझगीत. मी पेटत होतो तेव्हा चारी बाजूंना पेटत होतो आणि झाकण तो उजेड आणखी पसरवीत असे. हा मात्र एकाच अंगाने, सरळ खाली. मालकांच्या नाकाची आणि मिशीची काळी सावली बरोबर त्यांच्या ओठांवर पडली होती. आणि उंच नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायला बाईंनी मान वर केली, की ते उघडे ठिपके त्यांच्या डोळ्यांत टोचत.

मालक काहीतरी गिऱ्हाइकाचे सांगत होते. बाईंनी डोळे बारीक केले. मान थोडी तिरकी केली. मग म्हणाल्या, "हो, हो."

"दिसतंय ना नीट?"

बाईंना हेही दिसले नव्हते. पण प्रश्न असावा असे वाटून त्यांनी मान हलवली.

मला काय वाटले ते लपवत नाही. मला आनंद झाला. नव्याचे नऊ दिवस, मग येतील माझ्याकडेच, असे म्हणत मी खाचेत मजेत पडून राहिलो. बाई आज सांगतील, उद्या सांगतील. पण त्यांनी सांगितलेच नाही. रोज गाडी थांबे, रोज मालक बोलत, रोज बाई मान हलवत. त्यांचे स्वतःचे बोलणे कमी झाले. "थांबा, एक राहिलंच" हे तर मी ऐकलेच नाही. मालकांना वाटले, दमत असेल. त्यांचेही थांबणे कमी होऊ लागले.

एका संध्याकाळी मालक एका दुकानात काटा पाहायला उतरले होते आणि बाई गाडीत एकट्याच होत्या. त्यांनी दिवा लावला, मांडीवरचे, त्या झोतात नुसते चकाकणारे मोजमापांचे कागद जवळ घेतले, लांब धरले, पुन्हा जवळ घेतले. मग आरसा आपल्याकडे वळवून स्वतःच्याच ओठांकडे पाहत म्हणाल्या, "आधी कान. आता डोळे." ऐकू येत नसल्यामुळे आपण हे किती मोठ्याने बोललो ते त्यांना कळले नाही. मला मात्र ते फार मोठ्याने ऐकू आले.

त्यांना वाटत होते की आपली दृष्टी चालली आहे. दिवसा आणि घरच्या मोठ्या दिव्याखाली ठीक दिसते, जरा अंधार आला की तोंडे दिसत नाहीत, म्हणजे सुरुवात झाली. दिवा तर लेकीने मुद्दाम आणलेला, नवा, लख्ख. त्याच्यात काय दोष असणार? ज्या बाईला डोळ्यांनीच ऐकायचे असते, तिचे डोळे गेले तर तिच्याजवळ काय राहणार, याचा तुम्हीच विचार करा. माझा आनंद त्या संध्याकाळी संपला. सगळीकडे झगमगाट आणि तोंडावर तेवढा काळोख, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यानंतरच्या मंगळवारी मालकांनी पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली. दिवा लावून ते बायकोकडे वळले.

"पोरीचा फोन आला होता," ते म्हणाले. "तिच्या इमारतीत खाली दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. आपण दोघांनी इथलं आवरून तिकडे राहायला यावं म्हणते. जागा लहान आहे, तुझी मशीन विकावी लागेल. जायचं का आपण?"

बाईंना सावलीत हलणारी मिशी दिसली आणि डोळ्यांत टोचणारे ठिपके दिसले. त्यांनी मान हलवली. "हो. चालेल."

"विचार कर हवं तर."

"चालेल म्हटलं ना," त्या अंदाजाने म्हणाल्या.

मालक त्यांच्याकडे पाहतच राहिले. मी खालून ओरडत होतो, अहो, तिला काही कळलेले नाही, पुन्हा विचारा! पण माझी भाषा उजेडाची, आणि मी तर विझलेला. मालकांनी दिवा बंद केला. घरापर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

घरीही हा विषय निघाला नसावा. मला वाटते, बायकोने इतक्या पटकन होकार दिला याचे मालकांना लागले होते. पुढच्या रविवारी सकाळी दोघांनी मिळून शिलाई मशीन मागच्या सीटवर चढवली. बाई खुशीत होत्या. दर वर्षी ही मशीन तेलपाणी करायला एका ओळखीच्या दुकानात जात असे, आणि "मशीन दुकानात न्यायची" एवढेच मालक म्हणाले होते. ही आधीच हो म्हणाली आहे, आता पुन्हा कशाला तोच विषय, असे त्यांना वाटले असेल. टाके कुठे सुटतात ते दाखवायला बाईंनी कापडाचा तुकडाही बरोबर घेतला होता. पोचवायचे म्हणून शिवलेल्या पडद्यांचा गठ्ठा मशीनशेजारी होताच.

दुकानाशी गाडी थांबली. मशीनवाला बाहेर आला, त्याने मागचे दार उघडले आणि मशीनवर हात ठेवून बाईंकडे नीट तोंड करून म्हणाला, "वहिनी, एवढी वर्षं चालवलीत. विकताना जड जात असेल, नाही?"

दिवसाचा उजेड होता. बाईंनी अक्षर न् अक्षर वाचले.

"विकताना?"

"काटेवाले म्हणाले ना, गाव सोडताय म्हणून?"

बाई परत पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मालक घाईघाईने आपल्या सीटवर आले.

"कोणी सांगितलं तुम्हाला माझी मशीन विकायला?" बाई म्हणाल्या.

"अगं, तू हो म्हणालीस!"

"मी? कधी?"

"मंगळवारी, पुलाजवळ. मी दोनदा विचारलं. चालेल म्हणालीस."

 हातातल्या कापडाच्या तुकड्याची बाईंनी घडीवर घडी घातली.

"मला गाडीत काही दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "महिना झाला. तुमचं एक वाक्य कळलेलं नाही मला. नुसती मान हलवते."

"मग बोलली का नाहीस?"

"डोळे चाललेत माझे. कान जाताना असंच झालं होतं. आईला कळायच्या आधी मला कळलं होतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, आताही जितके दिवस निभावेल तितके निभावू." आणि त्या रडू लागल्या.

मालकांनी त्यांचा हात धरला. त्यांचेही डोळे भरले होते. पण मित्रांनो, माणूस तीस वर्षे जे काम करतो ते त्याच्या हाडीमासी मुरते. थोड्या वेळाने त्यांनी छताकडे पाहिले आणि बायकोकडे वळून सावकाश म्हणाले, "मालाला नाव ठेवायच्या आधी काटा तपासायचा असतो."

ते खाली उतरले. पडद्यांचा गठ्ठा सोडून त्यांनी एकेक जाड पडदा गाडीच्या काचांवर टाकला, दारांत अडकवला. मशीनवाला तोंड उघडे टाकून बघत राहिला. भर सकाळी गाडीत अंधार झाला. मालक आत बसले, त्यांनी नवा दिवा लावला आणि काहीतरी म्हणाले.

"नाही दिसत," बाई म्हणाल्या.

मग मालकांचा हात खाचेत आला. मला त्यांनी सदऱ्याला पुसले, नव्याला काढले आणि मला माझ्या जुन्या पितळी पट्ट्यांमध्ये बसवले. मी जीव खाऊन पेटलो. काजळलेला, पिवळट, पण चारी बाजूंना. मालकांनी आपले तोंड बायकोसमोर धरले आणि ओठ हलवले. बाई ते एकेक शब्द मोठ्याने वाचू लागल्या.

"तुझे... डोळे... चांगले... आहेत."

त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटले. मग नवऱ्याच्या खांद्यावर डोके टेकून त्या खूप वेळ रडल्या. मी बावीस वर्षे पेटलो, पण असा कधी पेटलो नव्हतो.

मशीन विकली गेली नाही. मशीनवाल्याने तिला फुकट तेल घातले आणि आम्ही परत निघालो. मी वरून चौफेर बघत होतो. पाहिलंत, शेवटी जुनेच सोने, असे मनात म्हणतच होतो, तोच गाडी एका खड्ड्यात आदळली. मी अजून लागलेलाच होतो, तार लाल तापलेली होती. टिक् असा बारीक आवाज झाला आणि माझी तार तुटली. माझा विजय पुरती दहा मिनिटेही टिकला नाही. माझी जिरली म्हणालो होतो ती अशी.

मालक हळहळले. "आता काय करायचं? तसला बल्ब मिळेल, पण बॅटरी पुन्हा बसेल."

"त्या नव्याला माझ्यावर सोपवा," बाई म्हणाल्या. त्यांनी नवा एलईडी लावायला लावला, थोडा वेळ तळहात त्याच्याखाली धरला, मग बोट थेट त्याच्यावर टेकवले. "अहो, हा तापतच नाही!"

घरी जाऊन मशीन जागेवर बसताच त्यांनी पहिले काम ते केले. पडद्याच्या आतून लावतात त्या पातळ, सायीच्या रंगाच्या कापडाचे दोन पदर घेतले, फुटक्या झाकणाच्या चौकटीवर ताणले आणि कडेने बारीक शिवण घातली. ते झाकण त्यांनी छतात बसवले आणि संध्याकाळी दिवा लावला. तो सगळा टोचरा उजेड कापडात शिरून मऊ झाला आणि सगळीकडे सारखा पसरला. मालकांच्या ओठांवरची सावली गेली. इतका चांगला उजेड मी तरुणपणीही दिला नव्हता. आणि माझ्यापाशी ते कापड कोणी ठेवले असते, तर ते करपून गेले असते. मी खाचेत पडल्या पडल्या हे कबूल केले. कबूल केल्यावर बरे वाटले.

पुढच्या आठवड्यात लेक आली. तिघे संध्याकाळचे फिरायला निघाले. लेक मागे बसली होती. मालकांनी गाडी बाजूला घेतली आणि दिवा लावला. झालेले सगळे तिला फोनवर कळले होते, आता तिने वरचे कापड पाहिले.

"आई, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? छान आहे म्हणालीस की!"

"तू आणलास, लावलास आणि मग विचारलंस," बाई तिचा गाल थोपटत म्हणाल्या. "एवढ्या हौसेने आणलेल्याला काय सांगू? त्यात मला वाटलं, मीच बिघडलेय."

लेकीचा चेहरा उतरला. ती दोन सीटांमधून पुढे आली, आईच्या समोर, उजेडात. मालकांनी घसा साफ केला.

"आता पुन्हा विचारतो. पोरीकडे राहायला जायचं का आपण?"

बाईंनी दोघांच्या तोंडांकडे नीट पाहिले.

"नाही," त्या म्हणाल्या. "रागावू नकोस गं. येत जाईन, चार दिवस राहीन. पण इथे दोरेवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्याशी बोलताना तोंड वळवायचं नाही. हे शिकवायला मला तीस वर्षं लागली. तिथे पुन्हा पहिल्यापासून कोणाकोणाला शिकवू?"

 लेकीने आईचा हात धरला आणि मान हलवली. मग स्वतःच थांबली आणि तोंड उघडून स्पष्ट म्हणाली, "कळलं, आई."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला जायचं होतं का?"

"नव्हतं."

"मग मला विचारलंत कशाला?"

"तू नाही म्हणशील अशी खात्री होती म्हणून."

यावर तिघे हसले, आणि बराच वेळ गाडी तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, मी आता पेटत नाही. बाईंनी मला मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी ठेवले आहे आणि तिथे माझे बरे चालले आहे. तुम्ही जुन्या वस्तू जपा असे मी सांगेन, असे तुम्हाला वाटले असेल. जपा, पण माझे मागणे वेगळे आहे. कोणासाठी काही नवे, चांगले, लख्ख आणाल तेव्हा ते लावायच्या आधी त्याच्या जागी बसून पाहा. आणि कोणी नुसती मान हलवली तर उत्तर मिळाले असे समजू नका. त्याच्यासमोर जा, उजेडात उभे राहा आणि तेच पुन्हा एकदा विचारा. उत्तर "नाही" आले तरी घाबरू नका. आमच्या गाडीत त्या संध्याकाळी सगळ्यांत आनंदाचा शब्द तोच होता.